नोन इश्यूज : कोणीच न वाचणारं पान



आपल्या मासिकाच्या मराठी विभागात कविता भरपूर येतात, तांत्रिक लेख मात्र शोधावे लागतात. यंदा संपादकांनी "कॉम्प्युटरवाल्यांनी पण मराठीत लिहा ना" असा धोशा लावला आणि मी हो म्हणून बसले. मी पडले कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ‘डिस्क’ला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. पण आमच्या लाखनीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भाऊलाही ते ठाऊक नाही, तोही डिस्कच म्हणतो. तेव्हा आपणही डिस्कच म्हणू या.

विषय आहे मोठमोठ्या संस्थांमधल्या डिस्क सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि त्याच्यासोबत येणारं एक पान, जे जवळजवळ कोणीच वाचत नाही. त्या पानाचं नाव ‘नोन इश्यूज’, म्हणजे कंपनीला माहीत असलेल्या अडचणी.

आधी थोडं बेसिक

आपल्या लॅपटॉपमध्ये एक डिस्क असते. भरली की आपण सिनेमे उडवतो, विषय संपला. पण बँक, हॉस्पिटल, विद्यापीठाचा परीक्षा विभाग, अशा ठिकाणी डिस्क शेकड्यांनी असतात. आमच्या शेताचा सातबारा आता घरबसल्या डिजिटल सहीसकट निघतो (ही सोय राज्यात २०१८ साली सुरू झाली), म्हणजे लाखनीच्या बांध्यांचा हिशेबसुद्धा कुठल्यातरी डिस्कवरच आहे. एवढ्या डिस्क हाताने सांभाळणं शक्य नाही, म्हणून मधे एक थर टाकतात. त्याला म्हणतात व्हॉल्यूम मॅनेजर.

त्याचं काम सोपं करून सांगते. दहा डिस्क घ्यायच्या, त्यांचा एक साठा करायचा आणि त्या साठ्यातून हव्या त्या मापाचे तुकडे, म्हणजे व्हॉल्यूम, पाडून द्यायचे. एखादा तुकडा कमी पडला तर चालू कामात वाढवायचा. एखादी डिस्क मेली तर दुसरीवरच्या प्रतीतून काम चालू ठेवायचं. स्वस्त डिस्क एकत्र बांधून भरवशाचा साठा करायची ‘रेड’ ही कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये बर्कलीहून मांडली. लिनक्ससाठी हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये एलव्हीएम लिहिलं. आणि मोठ्या कंपन्यांमध्ये ज्याचा दबदबा होता ते व्हेरिटास व्हॉल्यूम मॅनेजर. ते चालवणाऱ्या व्हेरिटासचं मोठं डेव्हलपमेंट सेंटर आपल्या पुण्यात होतं, १९९० च्या दशकापासून. व्हेरिटास २००५ मध्ये सिमँटेकमध्ये गेली, २०१६ मध्ये पुन्हा वेगळी झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिचं हे उत्पादन आर्क्टेरा नावाच्या नव्या कंपनीकडे गेलं. २००८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ड्रुवा या बॅकअप कंपनीच्या संस्थापकांपैकी मिलिंद बोराटे हेही आधी व्हेरिटासमध्येच होते. सांगायचा मुद्दा असा, की हा विषय फक्त कॅलिफोर्नियाचा नाही.

वर्कअराउंड म्हणजे जुगाड नव्हे

व्हेरिटासच्या प्रत्येक आवृत्तीसोबत रिलीज नोट्सचं जाडजूड पुस्तक येई. त्यात नवीन सोयींचं कौतुक पहिल्या काही पानांत उरकलेलं. मग दुरुस्त झालेल्या चुका, सॉफ्टवेअरच्या मर्यादा आणि माहीत असलेल्या अडचणी. प्रत्येक अडचणीला एक नंबर, तीन-चार ओळींचं वर्णन आणि खाली ‘वर्कअराउंड’, म्हणजे दुरुस्ती येईपर्यंतचा तोडगा. कुठे कुठे सरळ लिहिलेलं असतं, ‘याला तोडगा नाही’.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, एवढी महाग वस्तू विकायची आणि वर स्वतःच तिच्या खोड्या छापायच्या? मग आमच्याकडचे मामा तलाव आठवले. मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा-गोंदियाकडे असे तलाव गावोगावी आहेत. पावसाळ्यात पाळीतून पाणी झिरपायला लागलं की त्या जागी मातीची पोती टाकतात. ती पोती म्हणजे वर्कअराउंड. पाळ खरी दुरुस्त होते ती उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर. आता विचार करा, पाळ कुठे झिरपते हे गावाला माहीत असलेला तलाव भरवशाचा, की ज्याबद्दल कोणालाच काही माहीत नाही तो?

जुगाड आणि वर्कअराउंड यात फरक एवढाच, की वर्कअराउंडला अटी असतात. कोणत्या आवृत्तीला लागू, कोणत्या परिस्थितीत, आणि त्याने दुसरं काय बिघडू शकतं, हे लिहिलेलं असतं. जुगाड नुसताच चालतो, चालतो तोपर्यंत. आता काही खरी उदाहरणं बघू.

१. हजेरी आणि जुळे

लिनक्समध्ये डिस्कला एसडीए, एसडीबी अशी नावं मिळतात. ही नावं डिस्क सापडेल त्या क्रमाने पडतात. रीस्टार्टनंतर क्रम बदलला तर कालची ‘ए’ आज ‘बी’ होऊ शकते. हजेरीचे नंबर रोज बदलले तर मार्क कोणाच्या खात्यात जातील? तसंच. यावरचा तोडगा सगळ्यांना माहीत आहे : नावावर जाऊ नका, प्रत्येक व्हॉल्यूमवर लिहिलेल्या कायमच्या ओळखक्रमांकावर जा. त्याला यूयूआयडी म्हणतात.

पण या तोडग्याचीही एक अडचण आहे. डिस्कची हुबेहूब प्रत काढली की ओळखक्रमांकाचीही प्रत निघते. मग एकाच मशीनवर दोन जुळे, दोघांचं आधार कार्ड एकच! एक्सएफएस फाइल सिस्टिम अशा वेळी दुसरं जोडायला साफ नकार देते. व्हेरिटासने यासाठी वेगळी युक्ती केली. डिस्कवर लिहिलेली ओळख आणि स्टोरेजच्या पेटीने सांगितलेली ओळख जुळत नसेल, तर ती डिस्क प्रत असावी अशी खूण करून तिला बाजूला ठेवायचं.

छान! पण पेटीचं फर्मवेअर बदलल्यावर पेटीच वेगळी ओळख सांगायला लागली तर? तेव्हा अस्सल डिस्कवरही तीच खूण पडते. म्हणजे इशारा एकच, कारणं दोन, आणि उपाय अगदी वेगवेगळे. प्रत असेल तर तिला नवी ओळख देऊन वेगळी करायची. अस्सल असेल तर फक्त नोंद ताजी करायची. कारण न बघता कुठूनतरी कमांड उचलून चिकटवली तर प्रत अस्सल म्हणून वर येऊ शकते, आणि लोक शिळ्या डेटावर नवे व्यवहार करत बसतात.

२. एक डिस्क, चार रस्ते

मोठ्या सर्व्हरला स्टोरेजपर्यंत जायला मुद्दाम दोन-चार रस्ते ठेवतात. एक केबल तुटली तर दुसरी. पण त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमला एकच डिस्क चार वेळा दिसते. हे चारही एकच आहेत हे ओळखणारं सॉफ्टवेअर म्हणजे मल्टिपाथ. एलव्हीएमने त्याला न विचारता थेट एक रस्ता धरला तर ‘डुप्लिकेट’चा इशारा येतो. काम चालू असतं, म्हणून तो इशारा कोणी बघत नाही. मग एक दिवस नेमका तोच रस्ता तुटतो, बाकीचे तीन धडधाकट असूनही काम बंद!

तोडगा म्हणजे एलव्हीएमच्या सेटिंगमध्ये फिल्टर लावायचा : फक्त मल्टिपाथने दिलेली डिस्क बघ, बाकी दुर्लक्ष कर. यातली बारीक गोष्ट अशी, की मशीन चालू होताना वापरल्या जाणाऱ्या बूट इमेजमध्ये या सेटिंगची वेगळी प्रत असते. ती नव्याने बनवली नाही तर पुढच्या रीस्टार्टला जुनंच सेटिंग लागू होतं. आणि फिल्टर चुकीचा लिहिला तर मशीनला स्वतःचीच मूळ डिस्क सापडत नाही.

३. तीनशेंचा स्वयंपाक, पाचशे पत्रिका

आपल्याकडे लग्नात पाचशे पत्रिका वाटतात आणि अंदाजाने तीनशेंचा स्वयंपाक करतात, कारण सगळे येत नाहीत. स्टोरेजमध्ये यालाच ‘थिन प्रोव्हिजनिंग’ म्हणतात. साठा १० टेराबाइटचा, पण सगळ्या विभागांना मिळून २० टेराबाइटचं आश्वासन. जोपर्यंत सगळे एकदम जेवायला बसत नाहीत तोपर्यंत पंगत सुरळीत.

साठा खरंच संपला तर? लिनक्सच्या थिन पूलमध्ये जागा संपली की लिहिण्याची कामं थांबून वाट बघतात. मूळ सेटिंगमध्ये ही वाट ६० सेकंदांची. तेवढ्यात जागा वाढली तर ठीक, नाहीतर चुका परत यायला लागतात. गंमत म्हणजे वरच्या फाइल सिस्टिमला वाटत असतं, आपल्याकडे अजून खूप जागा आहे! शिवाय फाइल डिलीट केली म्हणून पूलमधली जागा आपोआप मोकळी होत नाही. ‘ट्रिम’ चालवून पूलला तसं कळवावं लागतं.

तोडगा सेटिंगमध्येच आहे. समजा ८० टक्के भरलं, की साठा आपोआप वाढव. पण या सेटिंगची मूळ किंमत १०० असते, आणि १०० म्हणजे ‘बंद’. ती आपण स्वतः बदलावी लागते. आणि वाढवायलाही मागे शिल्लक डिस्क लागतातच, आचाऱ्याला नुसता निरोप देऊन पुऱ्या येत नाहीत.

४. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही

स्नॅपशॉट म्हणजे व्हॉल्यूमचा त्या क्षणाचा फोटो. एलव्हीएमच्या जुन्या पद्धतीच्या स्नॅपशॉटमध्ये पूर्ण प्रत निघत नाही. मूळ जागेवर काही बदलणार असेल तर आधी जुना मजकूर एका राखीव जागेत उचलून ठेवतात. ही राखीव जागा भरली की तो स्नॅपशॉट बाद. अर्धवट नाही, पूर्णच बाद. इथेही आपोआप वाढवायची सोय आहे आणि तीही सुरुवातीला बंदच असते.

म्हणून ‘परीक्षेआधी स्नॅपशॉट घेतला होता’ यावर निर्धास्त राहू नये. तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की फोटो आणि माणूस दोघेही गेले.

तरीही कधी कधी तोच तारतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत रात्री काम करताना एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसचीच डिरेक्टरी उडवली. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मग बॅकअप शोधले, तर रोजचा बॅकअप होतच नव्हता, कारण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअपचं साधन ९.२ चं. तसं कळवणारे ई-मेल वाटेतच नाकारले जात होते. शेवटी कामी आला एक एलव्हीएम स्नॅपशॉट, जो दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेला होता. सहा तासांचा डेटा गेलाच. पण कंपनीने सगळी हकीकत स्वतः जाहीर केली. ती प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याने वाचावी अशी आहे.

५. ३२,७६८ तास

हा आकडा बघून आपल्यापैकी बऱ्याच जणांचे कान टवकारले असतील. दोनचा पंधरावा घात! १६ बिटांच्या चिन्हांकित संख्येत ३२,७६७ पर्यंतच मोजता येतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने कळवलं, की त्यांच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील, म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तासांनी. नंतर ना एसएसडी परत मिळणार, ना डेटा. उपाय एकच, वेळ भरायच्या आत नवं फर्मवेअर टाका. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही एसएसडींबद्दल असाच इशारा आला, तिथे आकडा ४०,००० तासांचा.

आता परीक्षेत विचारतात, ‘रेडचे फायदे लिहा’. आपण लिहितो, एक डिस्क गेली तरी डेटा राहतो. पण एकाच दिवशी बसवलेल्या आठ एसएसडींचे तास एकदमच भरतात! सगळ्यांची वेळ एकच असेल तर रेड काय करणार? रेडच्या गणितात डिस्क स्वतंत्रपणे मरतात असं गृहीत धरलेलं आहे. हे गृहीतक उत्तरपत्रिकेत आपण कधी लिहीत नाही. इथे ज्याने तो इशारा वाचला त्याचा डेटा वाचला, न वाचणाऱ्याला वर्कअराउंडही नव्हता.

६. तोडगा, पण अर्धा

२०२३ च्या नोव्हेंबरात ओपनझेडएफएस वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं, की कॉपी केलेल्या काही फाइलींमध्ये मजकुराच्या जागी शून्यं येत आहेत. एरर नाही, इशारा नाही. आधी संशय २.२.० आवृत्तीतल्या नव्या ब्लॉक क्लोनिंगवर गेला. २.२.१ मध्ये ते बंद करून दिलं. पण खोदत गेल्यावर खरी चूक जुन्याच कोडमध्ये निघाली. नव्या सोयीमुळे ती जास्त वेळा दिसत होती इतकंच. दुरुस्ती ३० नोव्हेंबरला २.२.२ आणि २.१.१४ मध्ये आली. मधल्या काळात एक सेटिंग शून्य करा असा तोडगा सांगितला गेला होता. त्याने धोका कमी होत होता, नाहीसा होत नव्हता. ‘कमी होतो’ आणि ‘जातो’ या दोन शब्दांतला फरक वाचणाऱ्याने बघायचा असतो.

पोती कायमची राहिली तर

एवढं वाचून कोणी म्हणेल, चला, तोडगे पाठ केले की झालं. मला मात्र खरी काळजी इथून पुढे वाटते.

मागच्या उन्हाळ्यात मी नागपूरला एका संस्थेत सहा आठवडे इंटर्नशिप केली. नाव सांगत नाही. तिथे स्टोरेजच्या एका व्हॉल्यूमला खोड होती : रीस्टार्टनंतर तो आपोआप जोडला जात नसे. तिथले सिस्टिमवाले सर प्रत्येक वेळी दोन कमांड हाताने देत. त्यांना पाठ होत्या. सर मार्चमध्ये रिटायर झाले, हार-तुरे झाले, फोटो निघाले. मे महिन्यात रात्री वादळ झालं, लाइट गेली, यूपीएस संपला, सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला. सकाळी काउंटर उघडले तर एकही खातं दिसेना.

कोणालाच काही माहीत नव्हतं. दुपारी सरांचा फोन लागला, ते मुलीकडे हैदराबादला. त्यांनी फोनवर दोन ओळी सांगितल्या आणि पाच मिनिटांत सगळं सुरू झालं. तेव्हा चार वाजले होते. तोवर खेड्यांवरून एसटीने आलेली बरीच माणसं परत निघून गेली होती. एक आजी मला विचारत होत्या, "बाई, माहे पैसे तं हायेत ना?" पैसे होते. पण ते ‘आहेत’ असं ठामपणे सांगू शकणारं त्या इमारतीत त्या वेळी कोणी नव्हतं.

संध्याकाळी मी त्या सॉफ्टवेअरच्या रिलीज नोट्स काढून बघितल्या. ही खोड नंबरासकट छापलेली होती. आणि दोन आवृत्त्या पुढच्या पुस्तकात ती दुरुस्त झालेल्या चुकांच्या यादीत होती. म्हणजे पाळ दुरुस्त करायचं सामान येऊन पडलं होतं, तरी आपण पोतीच बदलत बसलो होतो, कारण पोत्यांनी काम चालत होतं. सरांना मी दोष देत नाही. त्यांनी कितीतरी वर्षं एकट्याने ते सगळं चालू ठेवलं. पण तोडगा माणसाच्या डोक्यात राहिला तर तो माणसाबरोबर रिटायर होतो.

याची मोठी आवृत्ती म्हणजे जपानचं क्योटो विद्यापीठ. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सुपरकॉम्प्युटरच्या साठ्यातून ७७ टेराबाइट, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली पुसल्या गेल्या. जुन्या लॉग फाइली साफ करणारी स्क्रिप्ट चालू असतानाच एचपीईच्या जपानमधल्या लोकांनी तिच्यावर नवी आवृत्ती टाकली. शेलने अर्धी जुनी, अर्धी नवी स्क्रिप्ट वाचली, त्यात एका व्हेरिएबलला किंमतच नव्हती, आणि साफसफाई लॉगऐवजी खऱ्या फाइलींवर चालली. १४ संशोधन गटांचा डेटा गेला, त्यातल्या चार गटांचा परत मिळूच शकला नाही. कंपनीने जबाबदारी घेतली. पण कोणाचं तरी पीएचडीचं काम त्यात होतं, ते जबाबदारी घेऊन परत येत नाही.

मग आपण काय करायचं?

हॉस्टेलवर कोणाकडे शंभर डिस्क नाहीत, मान्य. पण फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे, लॅबचा सर्व्हर आहे, ऑफिसात आपल्या सगळ्यांच्या मार्कांची नोंद आहे. म्हणून चार साध्या गोष्टी :

एक. कोणतंही सॉफ्टवेअर टाकायच्या आधी ‘नोन इश्यूज’ वाचा. अर्धा तास लागतो, मेसच्या रांगेत पण वाचून होतं.

दोन. तोडगा वापरला की वहीत चार रकाने भरा : अडचण काय, तोडगा काय, कोणत्या आवृत्तीसाठी, आणि तो काढायचा कधी. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ही वही लॅबमध्ये राहू द्या, आपल्या बॅगेत नको.

तीन. बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही. महिन्यातून एकदा एखादी फाइल त्यातून परत काढून बघा. परत न आलेला बॅकअप हा बॅकअप नसतोच.

चार. कोणी तुम्हाला एक ओळीची कमांड दिली तर आधी विचारा, ही कोणत्या कारणासाठी? जुळ्या डिस्कचं उदाहरण विसरू नका.

आपल्या कॉलेजात चांगला इंजिनिअर कोण, तर ज्याचा प्रोजेक्ट डेमोला अडकत नाही तो, अशी समजूत आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. आपल्या प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर ‘याच्यात या या अडचणी आहेत आणि सध्या असे असे तोडगे आहेत’ हे जो स्वतःहून लिहितो, तो चांगला इंजिनिअर. व्हायव्हाला त्याचे दोन मार्क कमी होतील कदाचित. पण पुढच्या वर्षी तो प्रोजेक्ट हातात घेणारा ज्युनिअर त्याला दुवा देईल.

सर आणि मॅडम लोकांना एकच विनंती : जमलं तर ते दोन मार्क कापू नका!